दौलूनानांची गाठ आणि माझा खटका

दौलूनानांचं कुणी कौतुक केलं की माझ्या पोटात अजून दुखतं. हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढं मी त्यांच्याबद्दल काही वाकडं बोललो तर ते कुठून आलंय हे कळेल, आणि चांगलं बोललो तर ते किती नाइलाजानं बोललोय हेही कळेल. तोंडावर मी त्यांना कायम अहो-जाहो केलं. मनातल्या मनात मात्र पहिल्या रविवारपासून अरे-तुरेच चाललेलं होतं.

माझं उद्यमनगरात वर्कशॉप आहे. दोन लेथ, एक ड्रिल, एक ग्राइंडर आणि भिंतभर हत्यारं. केसाच्या दहाव्या भागाइतका फरक माझ्या बोटाला कळतो असं लोक म्हणतात, आणि ते मी कधी खोडून काढलेलं नाही. जे काम हात करतो ते हत्यार जास्त चांगलं करतं, यावर माझा उभ्या आयुष्याचा विश्वास. हात थकतो, हात थरथरतो, सोमवारी एक करतो आणि मंगळवारी दुसरंच करतो. साठी उलटली तसं माझं ब्लडप्रेशर वाढलं. डॉक्टर म्हणाले, आठवड्यातून एक दिवस वर्कशॉपला कुलूप घाला आणि कुठंतरी गप्प बसा. नुसतं गप्प बसणं मला जमत नाही, म्हणून मी चांगल्यातला रॉड आणि रीळ घेतलं आणि कसबा बावड्याच्या बंधाऱ्यावर मासे धरायला जाऊ लागलो.

रविवारी सकाळी तिथं आठ-दहा जण ठरलेले असत. रिक्षावाला शकील, बँकेतून रिटायर झालेले दोघं, एका शाळेचा शिपाई. आणि पलीकडून तिसऱ्या खांबाजवळ, साखरेच्या रिकाम्या पोत्याची घडी घालून तिच्यावर बसलेले दौलूनाना. सत्तरीचे, काटकुळे. डोक्यावर पिवळट पडलेली टोपी, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडलेला. त्यांची सगळी नोकरी साखर कारखान्यात पोती शिवण्यात गेलेली. त्यांच्याजवळ रॉड नव्हता. एक बांबूची काठी होती आणि तिला तंगूस, म्हणजे मासे धरायचा तो नायलॉनचा दोरा. माझ्या रॉडकडं त्यांनी एकदा पाहिलं आणि परत पाण्याकडं बघायला लागले. मला ते बघणंच आवडलं नव्हतं.

त्याच दिवशी माझ्या गळाला मोठा मासा लागला. रॉड वाकला, रीळ करकरलं, सगळे उठून उभे राहिले आणि एकदम सगळं ढिलं पडलं. गुंडाळून बघतो तर गळ गायब, नुसता दोरा. मी मोठ्यानं दुकानदाराच्या नावानं शंख करायला लागलो की यानं कुजका तंगूस दिला. नाना पोतं काखेत मारून अनवाणी चालत आले. त्यांनी दोऱ्याचं टोक बोटात धरलं.

"पावणं, तंगूस तुटल्याला न्हाय."

"मग काय झालं?"

"तुटला असता तर टोक सरळ असतंय. ह्ये बघा, डुकराच्या शेपटावानी वळल्यालं हाय. म्हंजे गाठ सुटली." मग त्यांनी जरा विचार केला आणि स्वतःचं बोलणं दुरुस्त केलं, "सुटली बी न्हाय म्हणा. तुम्ही बांधलीच न्हवती."

सगळा बंधारा हसला. मला मिरच्या झोंबल्या. तेवढ्यात नानांनी माझ्याच डबीतला एक गळ घेतला, नेढ्यातून तंगूस ओवला, त्याच्यावरच सात वेढे दिले आणि टोक परत पहिल्या फासातून काढलं. हे सगळं करताना त्यांचं हाताकडं लक्ष नव्हतं. ते पाण्याकडंच बघत होते. मग गाठ तोंडात धरून ओली केली.

"थुकी लावल्याबिगर गाठ बसत न्हाय," ते म्हणाले. "कोरडी वढली की तंगूस तापतोय. आन तापला की मेला."

घासल्यानं नायलॉन मऊ पडतो हे मला माहीत होतं, पण मी ते शिकून घेतलं होतं. या माणसाला ते कसं माहीत, याचाच मला राग आला. त्यांनी गळ पोत्याच्या शिवणीत अडकवला, पोतं पायानं दाबून तंगूस ओढून बघितला, उरलेला शेंडा दातानं तोडला आणि शर्टाच्या खिशात टाकला. तो शेंडा नखाएवढा होता. तेवढासुद्धा तुकडा ते कधी खाली टाकत नसत. दुसऱ्यांनी टाकलेलेही उचलत. त्यांची बायको म्हणे शर्ट धुताना रोज शिव्या देई, की माझ्या नवऱ्याच्या खिशात सुतळी, नायलॉन आणि वाळकं गांडूळ, एवढंच निघतं.

हळूहळू मला तिथली रीत कळली. कुणीही नवा गळ काढला की तो घेऊन नानांच्या पोत्यापाशी जाई. "नाना, एवढा लावून द्या की." नाना दोनच प्रश्न विचारत. कुठलं मासं धरणार, आणि कुठं बसणार. बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला, जिथं गवळी म्हशी धुवायला आणतात, तिथं बसणाऱ्याला ते गळाच्या वर हातभर बारीक तंगूस जोडून देत. जाड तंगुसाला मुद्दाम बारीक तुकडा जोडायचा, हे मला अडाणीपणाचं वाटे. साखळीत एक कडी मुद्दाम कच्ची ठेवावी तसं. शकीलला मी तसं म्हणालोही. तो म्हणाला, "नानांनी दिलंय म्हणजे बरोबरच असंल." हे उत्तर तर माझ्या डोक्यातच गेलं. माझ्या वर्कशॉपमध्ये इतक्या वर्षांत एकाही गिऱ्हाइकानं मोजून बघितल्याशिवाय माझ्यावर विश्वास ठेवलेला नाही.

मग मी गाठ बांधायचं यंत्र मागवलं. ऑनलाइन. हिरव्या प्लॅस्टिकचं, पुढं दोन आकडे आणि मध्ये स्प्रिंग. घरी व्हिडिओ बघून बघून मी ते शिकलो आणि पुढच्या रविवारी सगळ्यांच्या देखत काढलं. वाऱ्यानं दोरा आकड्यावरून निसटायचा. स्प्रिंग सुटून गळ दोनदा माझ्याच बाहीत घुसला. शेवटी एक गाठ झाली, पण तोपर्यंत बँकवाल्यांचे दोन चिलापी मासे धरून झाले होते. नाना शांतपणे सगळं बघत होते.

"कारखानदार," ते म्हणाले. त्या दिवसापासून त्यांनी मला हेच नाव दिलं. "ह्याला बॅटरी लागती का?"

चेष्टा करताना त्यांच्या चेहऱ्यावरची रेघही हलत नसे. मी ते यंत्र ड्रॉवरमध्ये टाकलं आणि ठरवलं, एक दिवस असा येईल की दौलूनाना माझ्या हातचं हत्यार वापरतील. सगळ्यांच्या देखत. आणि "चांगलं हाय" म्हणतील. तेवढंच हवं होतं मला. हसू नका, माणसाला साठीनंतर असं एखादंच काहीतरी हवं असतं आणि त्यासाठी तो जीव काढतो.

त्यात मंगळसूत्राचं झालं. त्याशिवाय कदाचित मी थंड झालो असतो.

शालन, माझी बायको, एका रविवारी बावड्यात भाजी घ्यायला आली होती, तिथून माझ्यासाठी भडंगाचा डबा घेऊन बंधाऱ्यावर आली. डबा द्यायला वाकली आणि तिचं मंगळसूत्र माझ्या रिळाच्या दांडीत अडकलं. ती सरळ झाली तसा दोरा तटकन तुटला आणि काळे मणी दगडावर उड्या मारत चहूकडं गेले. तिचा चेहरा पांढराफटक पडला. वाट्या तिनं मुठीत धरल्या होत्या, पण मणी पाण्याकडं चालले होते. सगळे गुडघ्यावर बसून मणी वेचायला लागले. नानांनी टोपी काढून उलटी धरली आणि सगळ्यांनी मणी तिच्यात टाकले.

"तुम्ही ओवताय का, कारखानदार?" नानांनी मला विचारलं.

त्यांनी मला पहिल्यांदा विचारलं, हे मी कबूल करतो. पण माझी बोटं तेव्हा अशी थरथरत होती की एक मणीसुद्धा ओवला गेला नसता. मी मानेनंच नाही म्हटलं. नानांनी जाड तंगूस घेतला, मणी ओवले, वाट्या मध्ये घेतल्या. मग दोरा पायाच्या अंगठ्याला अडकवून गाठ बांधली, थुंकी न लावता. शालनकडचं पिण्याचं पाणी मागून घेऊन त्यानं ओली केली. शेंडा तोडून खिशात टाकला आणि मंगळसूत्र शालनकडं न देता माझ्या हातात दिलं.

"घाला तुम्ही," म्हणाले आणि पाठ फिरवून उभे राहिले.

घरी येताना स्कूटरवर मागं बसून शालन म्हणाली, "किती समजूतदार माणूस हाय नाही? आणि गाठ बघा, हाताला लागतसुद्धा न्हाय."

मी स्कूटरचा वेग वाढवला. पण त्या दिवसापासून जेवायला वाढायला ती वाकली की माझी नजर तिच्या मानेवरच्या त्या गाठीवर जाई. माझ्या बायकोच्या गळ्यात, माझ्या नावानं, आणि गाठ त्यांची. सोनाराकडं नेऊन नव्यानं गाठवून घेऊया असं मी दोनदा सुचवलं. ती म्हणाली, चांगलं चाललंय की, कशाला हात लावायचा.

मग मी तीन आठवडे वर्कशॉपमध्ये बसून खटका केला. स्टेनलेसची तार, लांबी बोटाच्या पेराएवढी. तंगूस तिच्या दांड्यावर नुसता गुंडाळायचा, फटीत सारायचा, खाली गळ टकदिशी अडकवायचा. गाठ नाही, थुंकी नाही, सात वेढे नाहीत. आंधळ्यालाही लावता येईल असा. आणि प्रत्येक खटक्यावर मी पंच मारून माझ्या नावाचं पहिलं अक्षर उमटवलं. एवढुसा "स". त्याची गरज नव्हती, पण मारला.

परीक्षा बंधाऱ्यावरच घेतली. एकाच रिळातले दोन तुकडे. एकाला नानांनी स्वतः गळ बांधला, दुसऱ्याला मी खटक्यानं लावला. दोन्ही बाभळीच्या फांदीला टांगले आणि गळांना एकसारखे प्लॅस्टिकचे कॅन अडकवले. मग शकीलनं लोट्यानं दोन्ही कॅनमध्ये सारखं पाणी ओतायला सुरुवात केली. एका बँकवाल्यानं मोबाइलवर व्हिडिओ चालू केला. एक लोटा इकडं, एक लोटा तिकडं. बाराव्या लोट्याला नानांचा कॅन धाडदिशी खाली आला. माझा लोंबकळत होता. मी आणखी तीन लोटे ओतायला लावले, तेव्हा कुठं माझा पडला.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. आयुष्यात माझ्यासाठी इतक्या मोकळेपणानं टाळ्या वाजलेल्या मला आठवत नाहीत. मी कॉलर सरळ केली आणि नानांकडं बघितलं. ते दोन्ही कॅन उचलून बघत होते. त्यांचा तंगूस बरोबर गळापाशी, गाठीतच तुटला होता, बाकीचा सगळा फांदीला जागच्या जागी होता. माझा वर फांदीजवळ तुटला होता आणि सगळी लांबी खटक्यासकट कॅनबरोबर खाली आली होती.

"मजबूत हाय," नाना म्हणाले. "पर तुटायची येळ आली तर कुठं तुटायचं, ते सांगितलंय का त्याला?"

"तुटायचंच कशाला, नाना? तुटू नये म्हणूनच केलाय."

"तसं न्हवं..." ते म्हणाले, आणि माझा चेहरा बघून थांबले. माझ्या चेहऱ्यावर त्यांना काय दिसलं असेल, याचा मी नंतर पुष्कळ विचार केलाय. "बरं, ऱ्हाऊ दे. चांगलं झालं," एवढं म्हणून ते पोत्यावर जाऊन बसले. त्यांनी स्वतः खटका काही घेतला नाही.

व्हिडिओ ग्रुपवर फिरला. मी डबीभर खटके फुकट वाटले. पुढचे पाच-सहा रविवार लोक गळ घेऊन माझ्याकडं येत. नानांच्या पोत्यासमोर कुणी थांबत नसे. म्हशी धुतात त्या अंगाला बसणाऱ्यांनीही बारीक तुकडा काढून टाकून खटका लावला. नाना आपली काठी धरून बसलेले असत आणि मी त्यांच्याकडं तिरक्या नजरेनं बघत असे, त्यांना वाईट वाटतंय का ते शोधत. ते कुठंच दिसत नव्हतं. जिंकूनसुद्धा माझं पोट दुखायचं थांबलं नाही.

उन्हाळा वाढला. एका रविवारी खालच्या अंगाला गलका झाला. बंडा गवळ्याची म्हैस, चांदणी, पाण्यातून बाहेर येईना. चौघांनी ओढून काढली तेव्हा दिसलं, पुढच्या पायाला खुराच्या वर तंगुसाचा गुंता आवळला होता. ओढाताणीनं तो कातड्यात रुतला होता आणि पाय रक्तानं भरला होता. म्हैस ओरडत होती. बंडा तिच्या गळ्यात पडून रडत होता आणि शिव्या देत होता, दोन्ही एकदम.

"कुणाचा रं ह्यो तंगूस? समोर या! दुधाचं जनावर हाय माझं, पाय गेला तर मी काय करू?"

नाना चिखलातच बसले. म्हशीचा पाय मांडीवर घेतला आणि एक-एक वेढा सोडवायला लागले. कापून काढला असता तर लवकर झालं असतं, पण तुकडे मांसात राहिले असते. वेढा सोडवायचा, पाणी लावायचं, म्हशीला चुचकारायचं. मी पाठीमागं उभा होतो. पंधरा-वीस हात तंगूस निघाला असेल. कुठल्यातरी दगडावर घासून तो वर कुठंतरी तुटला होता आणि सगळी लांबी पाण्यात राहिली होती. अगदी शेवटी गळ आला. तो चिखलात रुतून बसला होता. आणि गळाच्या वर चमकणारा माझा खटका.

पंच मारलेला "स" मला तिथनंसुद्धा दिसला. कुठं तुटायचं ते सांगितलंय का त्याला, हे नाना काय विचारत होते तेही त्याच क्षणी समजलं. त्यांचा बारीक तुकडा समजला, अडकलं की आधी तोच तुटतो. गाठीत तुटलं की पाण्यात नुसता गळ राहतो, बाकी सगळा दोरा माणसाच्या हातात परत येतो. माझं हत्यार कुठंच कच्चं नव्हतं, म्हणून दोरा भलतीकडं तुटला.

नानांनी खटका मुठीत घेतला. नुसतं एकदा माझ्याकडं बघितलं, आणि हात खिशात घातला.

"कुणाचा हाय नाना?" बंडानं विचारलं.

"नदीत काय कमी घाण हाय व्हय बंडा? आला असंल वरनं वाहून. हळद लाव आन डॉक्टरला बोलीव. पाय जात न्हाय, मी सांगतो."

मी तोंड उघडलं नाही. बोलायला हवं होतं. "माझा आहे" एवढे दोन शब्द होते. पण समोर बंडा होता, शकील होता, टाळ्या वाजवणारे सगळे होते. पुढच्या रविवारी मी सगळ्यांना सांगितलं की या खटक्यांची तार खराब निघालीय, परत द्या, आणि सगळे गोळा करून घेतले. लोकांनी काही विचारलं नाही. एक-एक करून परत गळ घेऊन नानांकडं जायला लागले. चांदणीचा पाय महिन्याभरात भरला. नाना कुणाला काही बोलले नाहीत, मलाही नाही. एखाद्यानं चारचौघांत माझी इज्जत काढली असती तर मी भांडून मोकळा झालो असतो. यांनी माझी इज्जत खिशात घालून ठेवली होती. हातातली कला मी समजू शकत होतो, पण या माणसाचं मन पण माझ्यापेक्षा मोठं असावं, हे मला अजिबात सहन झालं नाही.

दिवाळीनंतर नानांच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू. शकीलनं फोन करून सांगितलं. आता खोटं कशाला सांगू, पहिल्या क्षणाला मला बरं वाटलं. तो उजवा हात गेला, हे ऐकून बरं वाटलं. पुढच्या क्षणाला मी फोन ठेवला आणि बेसिनवर जाऊन तोंड धुतलं. शालन भेटायला चला म्हणून दहा वेळा म्हणाली. ती एकटी जाऊन आली. मी गेलो नाही.

फाल्गुनात एका रविवारी शकील त्यांना रिक्षातून घेऊन आला. दोघांनी धरून तिसऱ्या खांबाजवळ बसवलं. तेच पोतं. टोपी कुणीतरी नवी आणलेली, शर्टाची बटणं दुसऱ्यानं लावलेली दिसत होती. उजवा हात मांडीवर ठेवलेला, दुसऱ्याचा असल्यासारखा. सगळे भोवती जमले. मी लांबच होतो.

"कारखानदार, हिकडं या," त्यांनी हाक मारली. शब्द जरा जड येत होते.

जवळ गेलो. त्यांनी शकीलला वरच्या खिशात हात घालायला सांगितलं. त्यानं सुतळी काढली, नायलॉनचे तुकडे काढले, आणि खटका काढला. तोच. चिखल धुवून पुसलेला, "स" वर.

"ह्ये एका हातानं लागतंय," नाना म्हणाले. त्यांनी काठीचा तंगूस पायानं दाबून धरला आणि डाव्या हातानं दांड्यावर गुंडाळून फटीत सारला. "घरात बसून रोज लावून बघतोय. चांगलं हाय. लई चांगलं केलायसा."

सगळ्यांच्या देखत. मला हवं होतं ते अगदी तसंच, शब्दसुद्धा तेच. आणि मी खाली त्या खटक्याकडंच बघत होतो.

"पर खाली हातभर बारीक तंगूस पायजे, आन गळाची गाठ हातानंच," ते म्हणाले. "ती आता माझ्यानं हुईत न्हाय. तुम्ही बांधा."

"मला येत नाही, नाना."

"मी सांगतो की."

खाली चिखल होता तरी मी तसाच बसलो. ते सांगत होते आणि मी वेढे देत होतो. पहिल्यांदा गाठ ओढली तर निसटली, टोक वळलं. दुसऱ्यांदाही शेपूट. "हाताकडं बघू नगा," ते म्हणाले. "हातावर नजर ठेवली की त्यो घाबरतोय." तिसऱ्यांदा मी पाण्याकडं बघत सात वेढे दिले, टोक फासातून काढलं आणि गाठ तोंडात धरली. त्यांनी गळ पोत्याच्या शिवणीत अडकवायला लावला, डावा पाय पोत्यावर ठेवला आणि तंगूस स्वतः ओढून बघितला. गळ पाण्यात सोडा, अशी मान हलवली.

तासाभरात काठी वाकली. मासा मोठा होता. शकील मदतीला धावला, पण नानांनी त्याला मानेनंच थांबवलं आणि एका हातानं काठी छातीशी धरून झुंजले. मग काठी एकदम सरळ झाली. गेली गाठ, म्हटलं. माझी गाठ सुटली, आणि आता सगळ्यांसमोर ते टोक बघणार.

नानांनी तंगूस ओढून घेतला. खटका जागेवर होता. बारीक तुकडा जागेवर होता. गळ तेवढा नव्हता. त्यांनी टोक डोळ्यांजवळ नेलं, खूप वेळ बघितलं, आणि मग माझ्या डोळ्यांसमोर धरलं. टोक सरळ होतं.

"सुटली न्हाय," ते म्हणाले. "तुटली. बरोबर जागी तुटली, कारखानदार."

एवढं म्हणून त्यांनी तो बारीक तुकडा खटक्यातून मोकळा केला आणि खिशात टाकायला हात नेला. खिसा डाव्या बाजूला, हातही डावा. कोपर वळेना. दोनदा प्रयत्न केला. मग तो तुकडा माझ्यापुढं धरला.

"तुमच्या खिशात टाका," म्हणाले, आणि पाण्याकडं बघायला लागले.

त्यानंतर ते बंधाऱ्यावर आले नाहीत. पुढच्या आठवड्यात दुसरा झटका आला, तो त्यांना घेऊनच गेला. मी त्यांना शेवटचं बघितलं ते असं, पोत्यावर बसलेले, पाठमोरे, मांडीवर तो हात आणि नजर पाण्यावर.

आता लोक गळ घेऊन माझ्याकडं येतात. मीही दोन प्रश्न विचारतो. खालच्या अंगाला बसणाऱ्याला बारीक तुकडा जोडून देतो. शालन शर्ट धुवायला टाकताना खिसा झाडते आणि कुरकुरते. माझी गाठ आता चांगली होते, शकीलही म्हणतो. परवा जेवताना शालन वाढायला वाकली आणि मी तिला म्हटलं, मंगळसूत्र काढून दे, मी नव्यानं ओवून, गाठ मारून देतो, जुनं झालंय ते.

तिनं मानेमागं हात नेऊन गाठ चाचपून बघितली.

"कशाला?" ती म्हणाली. "नानांची गाठ हाय. अजून सुटली न्हाय की."